ताई पिंग शानची चढण

मंडळाच्या स्मरणिकेसाठी हाँगकाँगचे प्रवासवर्णन द्या, असा संपादिकाबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शिवाय आठ दिवसांच्या मुक्कामात पाहिले ते काय नि लिहायचे ते काय! उंच इमारती, दुकाने आणि दिव्यांचा झगमगाट ह्यांची वर्णने आपण सर्वांनी वाचली आहेत. परंतु त्या आठ दिवसांतला पहिला दिवस असा काही निघाला की तो आपल्या भगिनींना सांगावा असे फार दिवस मनात होते. त्यात पाहण्यापेक्षा इतिहासच अधिक आहे. सनावळ्या मी ह्यांच्याकडून दोनदा तपासून घेतल्या आहेत.

२०१८ सालच्या डिसेंबरात आम्ही दोघे तिकडे गेलो. ह्यांचा भाचा तेथे नोकरीला आहे. "मामा-मामी, एकदा याच," असा त्याचा दोन वर्षे आग्रह चालला होता. आम्हांला घेऊन हिंडण्यासाठी त्याने रजा काढली होती, पण आम्ही उतरलो त्याच रात्री कचेरीतून बोलावणे आले आणि पहिल्या दिवसाची रजा रद्द झाली. सकाळी जाताना त्याने घराची किल्ली आणि बस, आगगाडी, बोट सगळीकडे चालणारे एक कार्ड ह्यांच्या हाती दिले, आणि "जवळपासच फिरा, समुद्र पाहून या, संध्याकाळी मी येतोच," असे बजावून तो गेला. आम्हांला कोठे जायचे ते ठाऊक नव्हते. समुद्र पाहायचा एवढेच ठरले होते.

भाच्याचे घर कौलूनला, म्हणजे मुख्य भूमीच्या बाजूला. समोर खाडीपलीकडे हाँगकाँगचे बेट. मधल्या पाण्यातून हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या बोटी सारख्या ये-जा करीत होत्या. तिकीट अगदीच स्वस्त, चहाच्या पैशांत बसते. बाकांच्या पाठी इकडून तिकडे ढकलता येतात, म्हणजे बोट ज्या दिशेने चालली असेल तिकडे तोंड करून बसावे. ही सोय मला इतकी आवडली की मी दोनदा पाठ ढकलून पाहिली, आणि शेजारच्या चिनी आजीबाई तोंडाला पदर लावल्यासारख्या हात धरून हसल्या. ही 'स्टार फेरी' सुरू करणारे गृहस्थ कोण असावेत? तर मुंबईहून तिकडे गेलेले एक पारशी, दोराबजी नवरोजी. त्यांनी १८८८ साली कौलून फेरी कंपनी काढली, तिचेच नाव १८९८ मध्ये स्टार फेरी झाले. हे भाच्याने रात्री सांगितले. सकाळी आम्हांला एवढेच वाटले होते की भाऊच्या धक्क्यावरून निघाल्यासारखे वाटते आहे.

तसे वाटले त्यात नवल नव्हते. इंग्रजांनी हे बेट १८४१ साली घेतले आणि १८४२ च्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. त्या लढाईचे मूळ अफूत होते, आणि ती अफू कलकत्त्याहून आणि आपल्या मुंबईहून जात असे. मुंबईहून अफू नि कापूस जायचा, तिकडून चहा नि चिनाई रेशीम यायचे. आपल्या जुन्या मुंबईतल्या कितीतरी श्रीमंतीचा उगम त्या वाटेवर आहे. म्हणजे मुंबई आणि हाँगकाँग ही एकाच दोरीची दोन टोके. त्या दोरीवरून आणखी काय आले ते पुढे सांगते.

बोटीतून उतरलो. तेथे डोंगरावर चढत जाणारे सरकते जिने आहेत, एकापुढे एक मिळून सुमारे ८०० मीटर. १९९३ पासून चालू आहेत. ह्यांनी ते कोठेतरी वाचले होते, म्हणून म्हणाले, "चल, फुकटात डोंगर चढू." पण सकाळी दहापर्यंत ते जिने खाली येतात! डोंगरावर राहणारी माणसे तेव्हा कामावर निघतात, म्हणून सरकारने तशी योजना केली आहे. आम्ही पोचलो साडेनऊला. वरून कोटबूटवाली माणसे देवळातल्या मूर्तींसारखी उभ्या उभ्या खाली येत होती आणि आम्ही शेजारच्या साध्या पायऱ्यांनी धापा टाकीत वर. अर्ध्या वाटेवर मी थांबले आणि म्हटले, आता आडव्या रस्त्याने चला. त्या आडव्या रस्त्याने आम्ही पश्चिमेकडे वळलो, आणि दिवसच बदलला.

रस्त्यावर एक देऊळ लागले, मान मो. मान म्हणजे विद्येची देवता आणि मो म्हणजे युद्धाची, दोघे एकाच देवळात नांदतात. आत छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली. एकेक वेटोळे सूपाएवढे, कित्येक दिवस जळत राहते. धुराने डोळे चुरचुरले, पण वास ओळखीचा होता. हात जोडून बाहेर आलो, तर देवळाच्या अंगाला दगडी पायऱ्यांची लांबच लांब वाट वर गेलेली दिसली. तिच्यावरून वर गेलो आणि एका शांत गल्लीत शिरलो. लहान लहान दुकाने, घरांना बिलगलेली छोटी देवळे. एका देवळात भिंतभर लाकडी पाट्या होत्या, त्यांवर चिनी अक्षरे. हे परगावी मेलेल्या, ज्यांचे मागे कोणी नाही अशा माणसांच्या नावांचे देऊळ. पूर्वी मरायला टेकलेल्या गरिबांनाही तेथेच आणून ठेवीत. १८६९ साली त्याचा मोठा बोभाटा झाला आणि त्यातून चिनी लोकांनी वर्गणी काढून स्वतःचे तुंग वा रुग्णालय उभारले. ते १८७२ साली उघडले.

पुढे एक बाग लागली. मोठाले वड, खाली म्हातारी माणसे व्यायाम करीत होती. आम्ही बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. बाग भलतीच रिकामी वाटत होती. आजूबाजूला एवढी दाटी, माणसाला उभे राहायला जागा नाही, आणि ही बाग मधोमध कशी सोडली? ह्यांनी पाटी वाचायला घेतली, आणि वाचता वाचता आवाज बदलला. म्हणाले, "अगं, हा प्लेगचा डोंगर आहे. आपल्याकडे प्लेग आला तो येथून."

मैत्रिणींनो, आमच्या घरात प्लेग हा शब्द मोठ्याने उच्चारीत नाहीत. त्याचे कारण ह्यांच्या पणजी. त्यांना मी पाहिले नाही, पण माझ्या सासूबाईंनी त्यांची अखेरची दोन वर्षे सेवा केली. १९६९ साली त्या वारल्या. १८९७ मध्ये पणजी बारा वर्षांची नवी सून, पुण्यात शुक्रवार पेठेत अकरा माणसांचे घर. धाकट्या दिराला, नऊ वर्षांच्या मुलाला, ताप भरला आणि काखेत गाठ आली. त्याच दिवशी गोरे शिपाई घरझडतीला आले. मुलाला छावणीत नेतील म्हणून सासूने ह्या पोरसवद्या सुनेला सांगितले, त्याला अंथरुणांच्या खोलीत निजव आणि वर गोधड्या रच. तिने रचल्या आणि वर स्वतः बसली. शिपायाने आत डोकावून काठीने दोन गोधड्या उचकल्या आणि तो निघून गेला. मूल तिसऱ्या दिवशी गेले. पुढच्या तीन आठवड्यांत सासरे, थोरली जाऊ आणि तिचे तान्हे, तिघेही गेले. मग दुःखाच्या भरात सासूच म्हणाली, "तूच दडवलास त्याला. त्या गोधड्यांनी घर खाल्ले." जिने दडवायला सांगितले तीच असे म्हणाली! पणजी पुढे बहात्तर वर्षे गोधडीवर निजल्या नाहीत. खाली चटई नि वर एक धाबळी, थंडी असो की पाऊस.

तर त्या बागेत आम्ही दोघेही पणजींचीच आठवण काढून गप्प बसलो. तेथून हाकेच्या अंतरावर लाल विटांची एक जुनी इमारत आहे. १९०६ साली तेथे रोगजंतूंची प्रयोगशाळा सुरू झाली, आणि १९९६ पासून वैद्यकीय संग्रहालय आहे. भाच्याने आखलेल्या कार्यक्रमात ते नव्हतेच. आम्ही आत शिरलो ते दुपारी तीन वाजता बाहेर आलो. हे पाट्या वाचून मला मराठीत सांगत होते आणि तेथली बाई आमच्याकडे कौतुकाने पाहत होती.

ताई पिंग शान म्हणजे शांततेचा डोंगर. नावात शांतता, पण १८९४ साली येथे गरीब चिनी मजूर एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा राहत होते. त्या वर्षी कँटनहून प्लेग आला आणि मे महिन्यात येथे पहिला रोगी सापडला. शहराची वस्ती सुमारे अडीच लाख, त्यांतली अडीच हजारांवर माणसे त्या साली मेली, आणि हजारो लोक शहर सोडून पळाले. सरकारने काय केले? गोऱ्या पलटणीचे शिपाई घरोघर पाठविले. ते रोगी शोधून काढीत, सामान बाहेर फेकीत, जाळीत आणि भिंतींना चुना फाशीत. रोग्यांना नेऊन बंदरात उभ्या असलेल्या रुग्णालय-जहाजावर ठेवीत. चिनी लोक रोगी दडवू लागले. परकी डॉक्टर माणसे कापतात, डोळ्यांची औषधे करतात अशा अफवा उठल्या. लोक इतके खवळले की राज्यपालाने वस्तीसमोर पाण्यात लढाऊ बोट उभी करविली. शेवटी सरकारने ती सगळी वस्ती ताब्यात घेऊन पाडली. तीच ही बाग, १९०५ साली झालेली.

ऐकता ऐकता मी म्हटले, हे तर पुणे! नावे तेवढी बदलायची. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी पहिला रोगी ओळखला. रोग हाँगकाँगच्या वाटेने जहाजांतून आला असेच बहुतेक मानतात. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तेथे माणसांची मोमियाई काढतात अशी अफवा होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चात पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली घरझडत्या सुरू झाल्या आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. हे आपल्याला शाळेपासून पाठ. पण पुण्यात जे झाले ते तीन वर्षे आधी ह्या डोंगरावर झालेले होते, आणि हाँगकाँगच्या साथीत काम केलेले डॉक्टर लोसन १८९७ साली मुंबईच्या प्लेगकामावर आले होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. चिनी बायकांच्या घरातही शिपाई असेच शिरले असतील. त्यांच्यातही कोणी बारा वर्षांची सून असेलच की.

सावित्रीबाई फुल्यांची आठवण येथे न काढता पुढे जाणे मला जमणार नाही. घरझडत्या सुरू होण्यापूर्वीच, १० मार्च १८९७ रोजी, त्या गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याला बोलावून त्यांनी पुण्याबाहेर माळरानावर दवाखाना घातला. मुंढव्याचे आजारी मूल त्यांनी पाठीवर घालून आणले आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. छावणीत नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची समजूत असताना ह्या बाई स्वतः रोग्याला उचलून आणीत होत्या. पणजींच्या घरापासून तो दवाखाना फार तर दोन-तीन कोसांवर असेल. तेथे मूल नेता आले असते असे त्या घरात कोणाच्या मनातही आले नसेल.

आता रोगाच्या शोधाचे सांगते, कारण सगळे त्यातच आहे. १८९४ च्या जूनमध्ये हाँगकाँगला दोन शास्त्रज्ञ आले. जपानचे किटासाटो आणि फ्रान्सकडून आलेले अलेक्झांड्र यर्सिन. किटासाटोंना रुग्णालयात सर्व सोयी मिळाल्या. यर्सिनना प्रेते तपासायची परवानगीदेखील नव्हती. त्यांनी एक गवताची झोपडी बांधून घेतली, प्रेते पुरायला नेणाऱ्या खलाशांना पैसे चारले, गुपचूप गाठीतला अंश मिळविला आणि जंतू ओळखला. आज त्या जंतूला त्यांचेच नाव आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. रस्त्यांत आणि घरांत मेलेले उंदीर पडलेले होते, आणि त्यांतही तोच जंतू होता. पुढे सरकारने रस्त्यांच्या खांबांना औषधी पाणी भरलेले डबे बांधले, लोकांनी मेलेले उंदीर त्यांत टाकायचे आणि ते ह्या लाल इमारतीत तपासले जायचे. पण उंदरातून माणसात रोग येतो कसा, हे १८९४ साली कोणालाच उमगले नव्हते.

ते उमगले कराचीत, १८९८ साली, पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरांना. त्यांनी काचेच्या भांड्यात पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि जवळच जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर. दोघांचा स्पर्श होत नव्हता, तरी दुसरा प्लेगाने मेला. रोग पिसवेने नेला होता. उंदीर मेला, गार पडला, की पिसवा त्याला सोडतात आणि जवळच्या माणसाला चावतात. गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, फुप्फुसाचा होतो तो निराळा. संग्रहालयात त्या पिसवेचे मोठे केलेले चित्र होते. हे ती पाटी वाचत होते आणि मी मध्येच म्हटले, "थांबा. पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचली.

म्हणजे दडवलेल्या मुलाने घर खाल्ले नव्हते? मी विचारले. हे म्हणाले, गोधड्यांत पिसवा असतीलच की. मी म्हटले, असतील, पण त्या घरात आधीच होत्या ना! मुलाला तरी कोठून झाला? ह्यावर आमचा त्या शांत इमारतीत बराच वाद झाला. ह्यांचे म्हणणे, आपल्याकडे पुरावा काय. ते खरेच होते. संध्याकाळी परतताना सरकते जिने वर चालले होते आणि आम्हांला खाली जायचे होते. पुन्हा पायऱ्याच.

घरी आल्यावर सासूबाईंजवळ लगेच काही बोलले नाही. वर्षभराने टाळेबंदी आली. मार्च २०२० मध्ये सरकारने तोच १८९७ चा कायदा पुन्हा काढला, तेव्हा घरात बसल्या बसल्या विषय निघाला. ह्यांनी मोबाइलवर शोधून वाचून दाखविले की १९०५ पासून आपल्या मुंबईतच, परळच्या प्रयोगशाळेच्या आवारात, प्लेग कमिशनने ह्याची खात्री करून घेतली. लहान लहान खोल्या बांधून त्यांत जनावरे ठेवली. पिसवा जमिनीवर असताना ज्यांचे पिंजरे उंच टांगले होते ती जनावरे वाचली, खालची मेली. १९०८ पर्यंत शंका उरली नव्हती. हाफकिनसाहेबांची लस तर १८९७ च्या जानेवारीतच मुंबईत तयार झाली होती, त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. इतके सगळे शोध लागत असताना देशात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत गेली.

मग मी सासूबाईंना विचारले, घरात मुलाला ताप येण्याआधी उंदीर मेले होते का, असे पणजी कधी बोलल्या होत्या? त्या हातातले तांदूळ निवडीत होत्या. म्हणाल्या, "हो तर. कोठीच्या खोलीत तीन उंदीर मेलेले मिळाले होते, गूळ काढायला गेल्या तेव्हा. आठ-दहा दिवस आधी. शेपटीला धरून परसात टाकले म्हणायच्या. का गं?"

मी त्यांना सगळे सांगितले. कराची सांगितली, परळ सांगितले, चित्रातली पिसू सांगितली. त्यांनी सूप बाजूला ठेवले. बराच वेळ ऐकून घेतले आणि मग विचारले, "आठ साली कळले होते म्हणतेस? अगं, मग आमच्या आजी एकोणसत्तरपर्यंत होत्या की. परळ काही लांब नव्हते पुण्याहून."